आरंभीची शंका : छत्तीसगडातील दोन मराठी लेखक

१

रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकातील तिसऱ्या समासात कवित्वकलेचे निरूपण केले आहे. तेथे कवित्वाचे तीन प्रकार येतात : ढीट, पाठ आणि प्रासादिक. मनाला जे येईल ते बळेच रचले की ते ढीट कवित्व. पुष्कळ ग्रंथ पाहून, ऐकून त्यांच्या धाटणीवर रचले की ते पाठ कवित्व. आणि अंतरीच्या निष्ठेतून सहज उमटले ते प्रासादिक. ही विभागणी गुणांची उतरंड म्हणून वाचता येते. परंतु नुकत्याच लिहू लागलेल्या माणसाच्या बाजूने ती वाचली, तर तिचा आणखी एक अर्थ समोर येतो. नवलेखक पहिल्या दोन प्रकारांच्या मध्ये अडकलेला असतो. त्याचे जे स्वतःचे असते ते ओबडधोबड असते, आणि जे सुबक असते ते दुसऱ्याचे असते. आपण लिहितो आहोत हे खरे आहे काय, लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, ही शंका याच अडचणीतून जन्म घेते.

साहित्यचर्चेत प्रतिभेविषयी आणि स्फूर्तीविषयी जेवढे लिहिले गेले, तेवढे या शंकेविषयी लिहिले गेलेले नाही. शंका ही लेखकाची खासगी दुर्बळता आहे, ती ओलांडली की तिचा विसर पडतो आणि पडावाही, असा एक समज त्यामागे असावा. पण शंकेलाही इतिहास असतो. ती कोणत्या भाषेच्या, कोणत्या अभिरुचीच्या आणि कोणत्या समाजस्थितीच्या दडपणाखाली निर्माण झाली, आणि कोणत्या उपायांनी तिचे रूप पालटले, हे पाहता येते. ज्या लेखकाच्या घरातील भाषा एक आणि लेखनाची भाषा दुसरी, त्याच्या बाबतीत तर हा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो. कारण त्याची शंका दुहेरी असते. छत्तीसगडात कर्तृत्व गाजवणारे दोन मराठीभाषक लेखक, माधवराव सप्रे आणि गजानन माधव मुक्तिबोध, या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. दोघांनीही हिंदीत लिहिले. दोघांच्याही जीवनात आत्मशंकेचे मोठे प्रसंग आले. दोघांनी तिच्याशी केलेला व्यवहार मात्र वेगवेगळा होता.

२

छत्तीसगडाचा मराठीशी संबंध जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली आणि हा प्रदेश भोसल्यांच्या सत्तेखाली आला. पुढे बिंबाजी भोसले रतनपूर येथे राहून कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तेव्हा छत्तीसगडही इंग्रजांकडे गेला. तरीही नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी राहिल्यामुळे रायपूर, बिलासपूर, दुर्ग या गावांचे नागपूरशी असलेले दळणवळण तुटले नाही. कचेरी, शाळा, न्यायालय आणि रेल्वे यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत त्यांची मुले वाढली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. त्याच सुमारास दुर्ग जिल्ह्याचे रूप झपाट्याने बदलत होते. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहत होता, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कुरुदसारखी भातशेतीची गावे हळूहळू भिलाईच्या वस्तीत मिसळून गेली. देशाच्या अनेक प्रांतांतून, विदर्भातूनही, माणसे कामासाठी येथे आली. दुर्गहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे तीस किलोमीटरवर राजनांदगाव आहे. १९७३ मध्ये स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते दुर्ग जिल्ह्यातच होते. कुरुदच्या शिवाराजवळ भट्ट्यांचे बांधकाम चालू असताना, १९५८ मध्ये, त्याच जिल्ह्यातील राजनांदगावच्या महाविद्यालयात एक चाळिशीचा प्राध्यापक रुजू झाला. त्याच्या नावावर तोवर एकही कवितासंग्रह नव्हता. हे गजानन माधव मुक्तिबोध. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी त्यांच्या आधीच्या पिढीतील सप्रे यांचा प्रयत्न पाहणे अगत्याचे आहे. कारण मुक्तिबोधांच्या आरंभीच्या कवितांना जागा देणारे एक पत्र सप्रे यांच्याच प्रेरणेने उभे राहिले होते.

३

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले. पदवी मिळाल्यानंतर सरकारी नोकरीचा मार्ग त्यांनी धरला नाही. ते पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक झाले आणि त्या वेतनाच्या आधारावर जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोळकर आणि वामनराव लाखे हे त्यांचे सहकारी होते. म्हणजे एका वनप्रदेशातील लहानशा गावी तीन मराठीभाषक तरुण हिंदी मासिक काढत होते. गावात छापखाना नव्हता. मजकूर रायपूरला, पुढे नागपूरला छापला जाई. वाचकही थोडे होते. तीन वर्षे चालून डिसेंबर १९०२ मध्ये आर्थिक तोट्यामुळे हे मासिक बंद पडले.

अशा परिस्थितीत आरंभ करणाऱ्याने आपल्या अधिकाराचा प्रश्न कसा सोडवला, हे त्या मासिकाच्या स्वरूपावरून समजते. सप्रे यांनी ग्रंथपरीक्षणाला मोठे स्थान दिले. नव्या पुस्तकांचे गुणदोष सविस्तर सांगण्याचा तो प्रयत्न हिंदीत समीक्षेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक मानला जातो. दुसऱ्याच्या लेखनाची परीक्षा करता करता त्यांचे स्वतःचे गद्य घडत गेले. एप्रिल १९०१ च्या अंकात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. जमीनदाराने आपल्या वाड्यालगतची एका अनाथ विधवेची झोपडी बळकावली आहे. ती स्त्री झोपडीतील टोपलीभर माती मागते आणि ती टोपली उचलण्यास जमीनदारालाच विनवते. त्याला ती उचलत नाही. कथा एवढीच आहे आणि ती पानभरात संपते. हिंदीतील पहिल्या कथांमध्ये तिची गणना अनेक अभ्यासक करतात. मोठ्या रचनेचा आव न आणता, ऐकल्यासारखी वाटणारी गोष्ट साध्या भाषेत सांगावी, एवढाच तिचा पवित्रा आहे. नवशिक्याला परवडणारा आणि शोभणारा तोच पवित्रा होता.

सप्रे यांची खरी कसोटी पुढे लागली. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून टिळकांच्या ‘केसरी’च्या धर्तीवर ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या दडपणाखाली त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि त्यांची सुटका झाली. या सहीचे शल्य त्यांना फार लागले. सार्वजनिक जीवनातून बाजूला होऊन ते रामदासी साधनेकडे वळले, मधुकरी मागून राहिले. लिहिण्याचा नैतिक अधिकारच आपण गमावला, असे ज्याला वाटते त्याची शंका नवशिक्याच्या शंकेहून खोल असते. पण दोघांनाही पुन्हा पहिल्या अक्षरापासूनच सुरुवात करावी लागते. सप्रे यांनी ती अनुवादाने केली. दासबोधाचा हिंदी अनुवाद त्यांनी याच काळात हाती घेतला. पुढे टिळकांच्या ‘गीतारहस्य’चा हिंदी अनुवादही त्यांनीच केला. अनुवादकाला ‘माझे म्हणणे मोलाचे आहे काय’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवता येतो, कारण म्हणणे दुसऱ्याचे असते. त्याला फक्त शब्दाशी प्रामाणिक राहायचे असते. आत्मशंकेने पंगू झालेल्या हाताला काम देण्याचा हा मार्ग होता. घरची भाषा आणि लेखनाची भाषा यांतील जे अंतर एरवी न्यूनगंडाचे कारण व्हावे, तेच सप्रे यांच्या बाबतीत उपयोगाचे ठरले. दोन भाषांच्या मध्ये उभा असलेला माणूसच हे काम करू शकत होता.

१९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ हे हिंदी साप्ताहिक निघाले. त्याच्या उभारणीत सप्रे यांचा पुढाकार होता, आणि संपादक म्हणून माखनलाल चतुर्वेदी यांची निवड झाली. सप्रे १९२६ मध्ये वारले. पुढे खांडव्याहून निघू लागलेल्या या पत्रातच सुमारे दहा वर्षांनंतर उज्जैनच्या एका महाविद्यालयीन तरुणाच्या कविता छापल्या जाऊ लागल्या.

४

तो तरुण म्हणजे मुक्तिबोध. त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घराणे मूळचे जळगावकडचे. पूर्वज खानदेशातून ग्वाल्हेर संस्थानात येऊन स्थायिक झाले होते. वडील माधवराव पोलीस खात्यात होते, त्यामुळे बदल्या वारंवार होत आणि मुलाच्या शिक्षणात खंड पडत असे. आई हिंदी वातावरणात वाढलेली होती. प्रेमचंद आणि हरिनारायण आपटे हे तिचे आवडते लेखक होते. प्रेमचंदांची भक्ती आपल्यात आईने रुजवली, असे मुक्तिबोधांनी पुढे एका लेखात कृतज्ञतेने नमूद केले आहे.

१९३० मध्ये उज्जैन येथे मिडलच्या परीक्षेत ते नापास झाले. पुढे बी.ए.च्या परीक्षेतही एकदा अपयश आले आणि १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पहिल्या अपयशाची नोंद त्यांनी आपल्या आयुष्यातील महत्त्वाची घटना म्हणून केली आहे. पोलीस अधिकाऱ्याच्या घरातील थोरल्या मुलाकडून ज्या काळी सरकारी नोकरीची अपेक्षा असे, त्या काळी अशी नोंद करणे म्हणजे अपयशाला लपवण्याऐवजी त्याच्याकडे सामग्री म्हणून पाहणे होते. आत्मशंकेशी त्यांचा पुढचा व्यवहारही याच प्रकारचा राहिला.

१९३५ च्या सुमारास, उज्जैनच्या माधव महाविद्यालयात असताना, त्यांचे लेखन सुरू झाले. त्या कवितांवर रमाशंकर शुक्ल आणि माखनलाल चतुर्वेदी यांच्या धाटणीचा प्रभाव होता. गोष्ट सरळ न मांडता केवळ सूचित करायची, हे त्या धाटणीचे वैशिष्ट्य. रामदासांच्या परिभाषेत हे पाठ कवित्व होते. मुक्तिबोधांनी हे स्वतःच सांगितले आहे, आणि तेही आपल्या कविता प्रथमच पुस्तकरूपाने येत असताना. १९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या संग्रहात सात तरुण कवी एकत्र आले. प्रत्येकाने आपल्या कवितांबरोबर एक निवेदन दिले. मुक्तिबोधांच्या निवेदनात सिद्धीचा दावा नाही. माळव्यातील निसर्गाचे सौंदर्य ही मनाची पहिली भूक आणि माणसाचे सुखदुःख ही दुसरी. या दोहोंचा संघर्ष हीच आपली पहिली गुंतागुंत होती, असे ते सांगतात, आणि आपल्या कवितांकडे स्वतःची वाट शोधणाऱ्या अस्वस्थ मनाचा उद्गार म्हणून पाहतात.

‘तार सप्तक’चे महत्त्व हिंदी नवकवितेच्या संदर्भात पुष्कळ चर्चिले गेले आहे. येथे त्याच्या एका अंगाकडे लक्ष वेधणे पुरेसे आहे. हे सात कवी कोणत्याही एका संप्रदायाचे नाहीत, कोणत्याही मुक्कामाला पोहोचलेले नाहीत, ते वाटांचा शोध घेणारे आहेत, अशी भूमिका संपादकाने घेतली. त्या सातांत मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठीभाषक होते. माचवे, नेमिचंद्र जैन आणि मुक्तिबोध यांची मैत्री माळव्यातील होती. शुजालपूरच्या शारदा शिक्षण सदनाभोवती ती वाढली. एकेकट्या नवलेखकाला जी गोष्ट लाजेची वाटते, ती सात जणांनी मिळून उघडपणे मांडली की तिचे एक साहित्यिक धोरण होते. आपली वाट अजून सापडलेली नाही हे सांगणे हीच त्यांची ओळख ठरली. शंकेवरचा हा पहिला उपाय सामूहिक होता. नेमिचंद्र जैन यांच्याशी मुक्तिबोधांचा जो दीर्घ पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला, त्यातही नोकरीच्या विवंचनेइतकीच आपल्या लेखनाविषयीची तळमळ जागोजाग आढळते. ती ऐकून घेणारा मित्र होता, ही गोष्ट लहान नव्हे.

५

पुढील पंधरा वर्षे भटकंतीची होती. बनारसला ‘हंस’, नंतर जबलपूर, १९४८ पासून नागपुरात माहिती खाते आणि आकाशवाणी, मग ‘नया खून’ या साप्ताहिकाचे संपादन. या दहा वर्षांच्या नागपूरमुक्कामात त्यांनी वयाच्या सदतिसाव्या वर्षी, १९५४ मध्ये, एम.ए. केले. त्या पदवीमुळेच राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळणे शक्य झाले. संस्थानी किल्ल्याचा एक जुना भाग त्यांना राहण्यास मिळाला. आजूबाजूला तलाव होते. ‘सरस्वती’चे माजी संपादक पदुमलाल पुन्नालाल बख्शी हेही त्याच महाविद्यालयात होते. प्रथमच थोडे स्थैर्य लाभले.

मुक्तिबोधांची आत्मशंका या काळात संपली नाही, पण ती विचाराच्या पातळीवर आली. जबलपूरहून हरिशंकर परसाई यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘वसुधा’ मासिकात त्यांनी ‘एक साहित्यिक की डायरी’ या नावाने लेख लिहिले. त्यांतील ‘तीसरा क्षण’ या लेखात कलानिर्मितीचे तीन क्षण वेगळे केले आहेत. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या कल्पनाचित्राचे रूप घेतो. तिसरा क्षण त्या चित्राला शब्द देण्याच्या प्रक्रियेचा; तो सर्वांत लांब असतो, कारण शब्द समाजाकडून आलेले असतात, त्यांना स्वतःचे अर्थ असतात आणि ते मूळ चित्रालाही बदलून टाकतात.

या विवेचनाचा नवलेखकाच्या दृष्टीने होणारा उपयोग मोठा आहे. नवलेखकाची शंका बहुधा एकसंध असते : ‘मला जमत नाही.’ तीन क्षण वेगळे केले की शंकेचीही फोड होते. माझा अनुभव खरा होता काय, हा पहिल्या क्षणाचा प्रश्न. मी त्या अनुभवापासून पुरेसा दूर उभा राहिलो आहे काय, की अजून त्यातच कण्हतो आहे, हा दुसऱ्याचा. माझा शब्द पुरेसा आहे काय, हा तिसऱ्याचा. लिहिलेली ओळ मनातील चित्रासारखी उतरली नाही म्हणून जो खचतो, तो तिसऱ्या क्षणाचा दोष पहिल्या क्षणावर लादतो. मुक्तिबोधांच्या मते तर ओळ चित्रासारखी उतरत नाहीच. शब्दांत येताना ती वेगळी आणि बहुधा अधिक समृद्ध होते. आरंभी जे अपयश वाटते ते प्रक्रियेचे लक्षण आहे, हे एकदा ध्यानात आले की शंकेचा डंख पुष्कळ कमी होतो.

याहून पुढचे पाऊल त्यांनी ‘नयी कविता का आत्मसंघर्ष’ या निबंधात टाकले. कवीचा संघर्ष तेथे तिहेरी सांगितला आहे : आशयासाठी, अभिव्यक्ती समर्थ करण्यासाठी आणि दृष्टीच्या विकासासाठी. आणि आपल्या समीक्षालेखनात त्यांनी गोठलेल्या सौंदर्याभिरुचीची कल्पना मांडली. एखाद्या काळात प्रतिष्ठित झालेली अभिरुची कवीच्या मनात परीक्षक होऊन बसते. अमुक अनुभव काव्यात्म, अमुक नव्हे, असे ती परस्पर ठरवते, आणि कवी स्वतःच्याच जीवनाचा मोठा भाग लिहिण्यास अयोग्य म्हणून बाजूला टाकतो. येथे आत्मशंकेला तिचे सामाजिक कारण मिळते. जो आवाज नवलेखकाला आपला अंतरात्मा वाटतो, तो अनेकदा शेजारच्या प्रतिष्ठितांचा असतो. कारकुनाचे घर, उसनवारी, आजारपण, गावाबाहेरची पडकी विहीर, संपकऱ्यांवरचा गोळीबार, हे सारे मुक्तिबोधांच्या कवितेत आले ते या परीक्षकाला ओळखून दूर केल्यानंतरच.

या परीक्षकाला शरण जाणाऱ्याचे काय होते, याचे चित्र १९५७ च्या ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत आहे. शहराबाहेरच्या ओसाड बारवेत एका विद्वानाचे भूत राहते. अंगावरचा मळ जावा म्हणून ते रात्रंदिवस स्वतःला घासते आणि मळ काही जात नाही. परिपूर्णतेच्या हव्यासात आतल्या आत झुंजून तो विद्वान मेला आहे. कवितेच्या अखेरीस कवी त्याचा उपहास करीत नाही. त्याचे अपुरे राहिलेले काम पुढे नेणारा शिष्य होण्याची इच्छा व्यक्त करतो. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत हेच सूत्र आले आहे. तेथे भुताला मुक्ती मिळते ती आपले ज्ञान शिष्याला दिल्यानंतर. स्वतःला घासत बसणे आणि दुसऱ्याला देणे, या दोन क्रियांतील फरक मुक्तिबोधांना नेमका कळला होता. राजनांदगावच्या वर्गात ते रोज ही दुसरी क्रिया करीत होते.

६

तरीही त्यांना स्वतःला ही शंका पुरती ओलांडता आली, असे म्हणता येत नाही. आणि येथेच त्यांचे उदाहरण केवळ उपदेशाचे राहत नाही. कवितेचे अनेक खर्डे ते करीत. वास्तवाचे घटक एकमेकांत गुंतलेले आणि सतत गतिमान असल्यामुळे आपली कविता लहान होऊ शकत नाही, लहान कविता म्हणजे अपुरी राहिलेली कविता, अशी कैफियत त्यांनी ‘एक लंबी कविता का अंत’ या लेखात मांडली आहे. हे त्यांच्या काव्यदृष्टीचे समर्थन आहे, तसेच कविता हातावेगळी न करता येण्याच्या वेदनेचेही ते वर्णन आहे. ‘तार सप्तक’नंतर वीस वर्षे उलटली तरी स्वतंत्र संग्रह निघाला नाही. १९६१ मध्ये ‘कामायनी : एक पुनर्विचार’ हा समीक्षाग्रंथ आला. १९६२ मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली, त्या आघाताने ते फार अस्वस्थ झाले.

याच वर्षांत ‘अंधेरे में’ ही आठ भागांची दीर्घ कविता पुरी होत होती. तिच्या आरंभी अंधारात एक तेजस्वी पुरुष दाराची कडी वाजवतो. निवेदकाला तो कोण आहे हे ठाऊक आहे. ती त्याचीच अजून न लाभलेली परिपूर्ण अभिव्यक्ती आहे. पण स्वतःच्या दुबळेपणावर त्याचा लोभ जडला आहे, म्हणून तो दार उघडण्यास चालढकल करतो. अखेर धडपडत उठून दार उघडतो तेव्हा बाहेर कोणी नसते. मग सगळी कविता त्या निघून गेलेल्या पुरुषाचा शोध घेत रस्त्यांवरून, मिरवणुकांतून, लष्करी अंमलातून फिरते. आत्मशंकेचे इतके नेमके रूप क्वचितच रेखाटले गेले असेल. शंकेत केवळ भय नसते, आरामही असतो; आपण अजून तयार नाही असे म्हणत राहणे सुखाचे असते. मुक्तिबोधांनी त्या आरामाला हात घातला आहे. ही कविता नोव्हेंबर १९६४ मध्ये हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात ‘आशंका के द्वीप : अंधेरे में’ या शीर्षकाखाली छापून आली.

ती छापलेली पाहायला कवी नव्हता. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भोपाळला आणि नंतर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत उपचार झाले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. आजारपणात मित्रांनी जुळवाजुळव केलेला ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला कवितासंग्रह भारतीय ज्ञानपीठाने त्याच वर्षी काढला. शमशेर बहादूर सिंह यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. ‘एक साहित्यिक की डायरी’ही त्याच वर्षी ग्रंथरूपाने आली. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली रचनावली सहा खंडांत प्रसिद्ध झाली. दार उघडण्याचे काम शेवटी मित्रांनी केले.

७

या इतिहासाला एक घरचीच तुलना आहे. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांचा जन्म १९२१ चा. तेच घर, तोच माळवा, तीच अस्वस्थता, मार्क्सवादाची तीच ओढ. थोरल्याने हिंदी निवडली, धाकट्याने मराठी. शरच्चंद्रांचा ‘नवी मळवाट’ हा पहिला संग्रह १९४९ मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी निघाला आणि ‘यात्रिक’ १९५७ मध्ये. दोन्ही शीर्षकांत चालण्याची प्रतिमा आहे, मुक्कामाची नाही. माळव्यात वाढणाऱ्या बिशू या तरुणाची घडण त्यांनी ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ या तीन कादंबऱ्यांतून मांडली. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला.

मराठीच्या मुख्य प्रदेशापासून दूर, माळव्यात वाढलेल्या या कवीलाही भाषेच्या प्रमाणाविषयीची शंका नसेल, असे मानण्याचे कारण नाही. त्यांची मराठी काहीशी खडबडीत, संस्कृतप्रचुर आणि आवेगी आहे. नागपुरात स्थिर अध्यापन आणि नवकाव्याच्या चर्चेने जागा झालेला वाचकवर्ग, या दोन गोष्टी त्यांना तुलनेने लवकर लाभल्या. दोन भावांच्या प्रकाशनातील हे अंतर केवळ स्वभावाने समजावता येणार नाही. नवलेखकाची शंका फिटते ती अंशतः त्याच्या धैर्याने, आणि अंशतः त्याच्या भोवतीच्या मासिकांनी, मित्रांनी, नोकरीने आणि ग्रंथालयांनी. ज्याला हे लाभत नाही त्याच्या अबोलपणाला प्रतिभेचा अभाव म्हणणे हा इतिहासावर अन्याय आहे.

८

सप्रे आणि मुक्तिबोध यांची उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे काही गोष्टी निश्चित होतात. दोघांपैकी कोणीही आत्मविश्वास आधी मिळवून नंतर लेखन केले नाही. शंका जागी असतानाच त्यांनी काम सुरू ठेवले. पहिल्याने परीक्षण आणि अनुवाद केला, दुसऱ्याने संपादन, अध्यापन आणि रोजनिशीवजा निबंध. या कामांना दुय्यम समजण्याची रीत आहे. पण त्यांनीच या लेखकांचा हात चालता ठेवला. दुसरे असे की, शंका योग्य क्षणी विचारली तर ती शब्दाला कस लावते. अवेळी विचारली तर ती दारच उघडू देत नाही. खर्डा करताना ती हवी, आरंभ करताना ती थांबवावी, आणि लेखन पुरे झाले की नाही हा निवाडा एकट्याने न करता विश्वासाच्या चार जणांसमोर ठेवावा. मुक्तिबोधांनी पहिल्या गोष्टीचे शास्त्र दिले आणि शेवटच्या गोष्टीच्या उशिराची किंमत मोजली.

२००० मध्ये छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. मुक्तिबोध राहत असलेल्या राजनांदगावच्या जुन्या वास्तूत आज त्यांचे, बख्शी यांचे आणि बलदेवप्रसाद मिश्र यांचे स्मारक आहे. भिलाई आता मोठे शहर असून कुरुद त्याचाच एक भाग झाले आहे. तेथील शाळांत आजही घरी एक आणि वहीत दुसरी भाषा असणारी मुले आहेत. त्यांच्यापैकी जे लिहू पाहतील त्यांची अडचण या दोन लेखकांच्या अडचणीहून फारशी निराळी नसेल. रामदासांनी कवित्वाचे तीन प्रकार सांगून झाल्यानंतर पाच दशकांनी, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात, लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. त्यात प्रतिभेचा उल्लेख नाही. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, समास सोडलेला असावा, लेखणी आणि शाई कशी असावी, आणि रोजच्या सरावाने हे साधावे, एवढेच तेथे सांगितले आहे.